एक पिन की पाच पिना?

मित्रांनो, शीर्षक वाचून 'हा शिवणकामाचा लेख दिसतोय' म्हणून पान उलटू नका. विषय धनुष्यबाणाचा आहे आणि त्यात आपलं फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आहे. 'प्रोजेक्टाइल मोशनचा आयुष्यात उपयोग काय?' असं मेसच्या टेबलावर विचारणाऱ्या समस्त मंडळींना हा लेख सादर अर्पण.

तर झालं असं. माझा मामेभाऊ अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो. एम.एस.ला गेला आणि तिकडेच नोकरीला चिकटला. शेजारच्या एका आजोबांबरोबर जाऊन जाऊन दादाला धनुष्याने हरणाची शिकार करायचा नाद लागला. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून हरणाची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे आपल्याला ऐकूनच कसंतरी होतं. तिकडे पांढऱ्या शेपटीची हरणं भरपूर आहेत, आणि सरकारी परवाना काढून, ठरलेल्या हंगामात ही शिकार चालते. विस्कॉन्सिनमध्ये धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून सुरू होतो. 1 जानेवारी 1973 ला किंवा नंतर जन्मलेल्याला शिकारीचा कोर्स केल्याचं सर्टिफिकेट लागतं. म्हणजे के.टी. तिथेही लागू शकते!

आजीला हे कळलं तेव्हा ती फोनवर एवढंच म्हणाली, "बाबा रे, दशरथासारखं करून बसू नकोस." श्रावणबाळाची गोष्ट तिने आम्हा सगळ्या नातवंडांना सांगितलेली आहे. दादा तेव्हा हसला होता.

गेल्या नोव्हेंबरात त्याचा फोन आला तेव्हा तो हसत नव्हता. तो झाडावर बांधलेल्या मचाणावर बसला होता. संध्याकाळची वेळ, उजेड कमी. एक मोठा नर 20 यार्डांवर येऊन उभा राहिला. यार्ड म्हणजे आपला वार, साडी मोजतात तो. 20 यार्ड म्हणजे दोन नऊवारी लांब अंथरल्या आणि वर दोन वार. एवढं जवळ! दादाने नेम धरला, बाण सोडला, हरीण उधळलं. बाण लागला होता, पण वर. बॅटरीच्या उजेडात दादा आणि ते आजोबा रात्री साडेअकरापर्यंत रक्ताचे थेंब शोधत फिरले. मग थेंब संपले. दुसऱ्या दिवशी परत गेले. हरीण मिळालं नाही. मेलं की जगलं, कळलं नाही.

"चूक कुठे झाली?" मी विचारलं.

"पिन चुकली रे," तो म्हणाला.

ही पिन म्हणजे काय ते सांगतो. आजचं शिकारीचं धनुष्य बहुधा कंपाउंड असतं, दोन्ही टोकांना कप्प्या असलेलं. मिसूरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांना 1969 साली त्याचं पेटंट मिळालं. कप्प्यांमुळे दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार एकदम कमी होतो आणि नेम धरायला वेळ मिळतो. दोरीत एक बारीक भोक असतं आणि धनुष्याच्या दांड्यापुढे एक कडं. त्या कड्यात चमकणाऱ्या टोकाची पिन असते. भोकातून बघायचं, पिनेचं टोक हरणावर ठेवायचं, बाण सोडायचा.

आता प्रश्न असा की पिना किती? पाच पिनांच्या साइटमध्ये पिना एकाखाली एक असतात. सगळ्यात वरची 20 यार्डांसाठी, मग 30, 40, 50, 60. काही हलवायला नको, फक्त योग्य पिन निवडायची. एका पिनेच्या साइटमध्ये एकच टोक असतं आणि बाजूला एक चाक. अंतर बदललं की चाक फिरवून पिन वरखाली करायची. कड्यातून सगळं स्वच्छ दिसतं, पण ऐन वेळी हरीण पुढेमागे झालं तर चाक फिरवायला हात हलवावा लागतो, आणि हरणाला हालचाल लगेच कळते.

दादाच्या धनुष्याला पाच पिना होत्या. छाती धडधडत होती, डोळ्यांपुढे पाच ठिपके. 20 ची पिन लावायच्या ऐवजी त्याने 40 ची लावली. हसू नका. पाच फॉर्म्युले पाठ करून ऐन ओरलला भलताच ठोकून देणारे आपल्याच विंगमध्ये कितीतरी सापडतील.

आमच्या रूमवर यावर दोन रात्री वाद झाला. माझा रूममेट साताऱ्याचा आणि स्वतः कंपाउंड मारणारा. (2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे, दोघांनीही कंपाउंडचं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं, तेव्हापासून याची कॉलर ताठच आहे.) तो म्हणाला, "आम्ही एकाच ठिपक्यावर मारतो." पण त्याचं टार्गेट कायम 50 मीटरवर असतं आणि ते पळत नाही. त्यामुळे त्याचा दाखला इथे पुरत नाही. मग मी वही काढली.

बाणाचा वेग सेकंदाला 280 फूट धरा, म्हणजे 85 मीटर. हवेचा रोध सोडून द्या. 20 यार्डांवर बाण सुमारे 23 सेंमी खाली येतो, 30 यार्डांवर 51 आणि 40 यार्डांवर 91. अंतर दुप्पट, पडणं चौपट. हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून साधारण 20 सेंमी व्यासाचं वर्तुळ होतं. म्हणजे मधल्या बिंदूपासून 10 सेंमीच्या आत बाण लागला तर जनावर लवकर मरतं. बाहेर लागला तर ते जखमी होऊन पळतं. डोळा बाणाच्या 10 सेंमी वर आहे असं धरून 20 यार्डांवर 40 ची पिन लावली तर बाण सुमारे 18 सेंमी वर लागतो. दादाचा बाण नेमका असाच वर गेला होता.

आता हीच आकडेमोड एका पिनेची करू. पिन 25 यार्डांवर पक्की केली आणि चाकाला हातच लावला नाही, तर 10 यार्डांपासून 28 यार्डांपर्यंत बाण नेमापासून 5 सेंमीपेक्षा जास्त वर किंवा खाली जात नाही. उरलेले 5 सेंमी हाताच्या थरथरीसाठी. विस्कॉन्सिनच्या दाट झाडीत मचाणावरून मिळणारी संधी बहुतेक वेळा याच टप्प्यात असते, असं दादाच सांगतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. झाडीतल्या शिकारीला, त्यातून नवख्या माणसाला, एकच पिन. 25 यार्डांवर घट्ट करून ठेवलेली, आणि 28 च्या पुढे बाण न सोडण्याचा नियम. मचाणावर चढल्याबरोबर रेंजफाइंडरने 28 यार्डांवरची दोन-तीन झाडं हेरून ठेवायची. हरीण त्यांच्या पलीकडे असेल तर बघायचं आणि सोडून द्यायचं.

कारण साधं आहे. चूक कुठल्याही साइटने होणारच. प्रश्न हा की ती चूक कुणाच्या अंगावर जाते. रेल्वेच्या एअर ब्रेकचा पाइप फुटला तर गाडी सुसाट सुटत नाही, उलट ब्रेक लागून थांबते. याला आपण फेल-सेफ म्हणतो आणि पेपरात लिहून दोन मार्क घेतो. एक पिन आणि एक मर्यादा असेल तर बहुतेक वेळा चुकीची किंमत म्हणजे हुकलेली संधी. शिकारी हात हलवत घरी येतो. पाच पिनांत चुकीची किंमत हरीण भरतं.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर रूममेट हे पान फाडेल. पश्चिमेकडच्या उघड्या डोंगरात हरीण 40-50 यार्डांच्या आत येतच नाही, तिथे माझी 25 ची पिन कुचकामी. तिथे रोज सराव करणाऱ्याला अनेक पिना सोयीच्या पडतात. शिवाय चाकाची एक पिन आपोआप सुरक्षित नसते. सरावात 40 वर नेलेलं चाक तसंच राहिलं आणि हरीण 20 वर आलं, तर पुन्हा तेच 18 सेंमी. म्हणून 'पक्की करा' म्हणतोय. आणि एक पिन ठेवून 40 यार्डांवर 'अंदाजे थोडं वर' धरणारा तर पाच पिनांवाल्यापेक्षा वाईट.

शिवाय पिना पाच असल्या की 40 आणि 50 यार्डांचा मोहही होतो. पिन आहे म्हणजे मारता येतं, असं वाटायला लागतं. पण ध्वनी बाणाच्या चौपट वेगाने जातो. 30 यार्डांवरच्या हरणाला धनुष्याचा आवाज बाणाच्या जवळपास पाव सेकंद आधी पोहोचतो आणि ते पळायसाठी खाली दबतं. अंतर वाढलं की ही सवड वाढते. तिला कुठलीच पिन उत्तर देत नाही.

शिकार करावी का, हा वाद मी इथे घालत नाही. मी स्वतः अंडंसुद्धा खात नाही. पण जो करतो त्याने जनावराला रात्रभर तडफडत ठेवू नये, एवढं तर कुणीही मान्य करील.

ही वहीची पानं मी दादाला फोटो काढून पाठवली. त्याने चार पिना काढून टाकल्या, उरलेली एक 25 वर लावली आणि 10 ते 28 पर्यंत प्रत्येक अंतरावर बाण मारून माझी आकडेमोड तपासली. खालच्या बाजूला एक-दीड सेंमी फरक आला, हवेचा रोध सोडला होता ना! या हंगामात पहिल्या आठवड्यात एक नर 35 यार्डांवर दहा मिनिटं उभा होता म्हणे. दादाने धनुष्य उचललंच नाही.

आजीला सांगितलं. ती म्हणाली, "शहाणा झाला."

ज्यांना पटत नसेल त्यांनी वही-पेन घेऊन रूमवर यावं. चहा तुमच्याकडून.

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी