आरोग्यचिंतन : दंतवैद्याची खुर्ची, गुंगी आणि आपला आचार

एका श्राविकेचे पत्र आले आहे. दीड वर्षापासून दाढ किडलेली आहे, गालावर दोनदा सूज येऊन गेली. परंतु खुर्चीत बसताच हातपाय गार पडतात, आणि वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढणे चालू आहे. ‘गुंगी देऊन दाढ काढतात असे ऐकले, ते आपल्या आचारात बसते का?’ असे त्या विचारतात.

प्रथम एक गैरसमज दूर करू. गुंगीने भीती शमते, वेदना नव्हे. हिरडीत बधिरतेचे इंजेक्शन द्यावेच लागते. मात्र त्याची धास्ती उरत नाही. सूज दोनदा येऊन गेली असेल, तर पर्युषण होऊ दे, चातुर्मास संपू दे, असे म्हणत थांबणे मला अयोग्य वाटते. मुळाशी साचलेला पू नियमांची वाट पाहत नाही.

सर्वांत सौम्य मार्ग नायट्रस ऑक्साइड वायूचा. अमेरिकेतील दंतवैद्य होरेस वेल्स यांनी 1844 मध्ये हा वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली होती. आज तो प्राणवायूत मिसळून नाकावरील लहान मुखवट्यातून देतात. रुग्ण जागा असतो, बोलतो. शेवटी काही मिनिटे शुद्ध प्राणवायू दिला की मन पूर्ववत होते.

येथे आपल्या समाजाने विशेष लक्ष द्यावे. हा वायू शरीरातील ब-12 जीवनसत्त्व निष्क्रिय करतो. निरोगी माणसाला अल्पकाळाने फारसे बिघडत नाही. परंतु ज्याच्या शरीरात ते आधीच कमी आहे, त्याच्या मज्जातंतूंना इजा होऊ शकते. वनस्पतिजन्य आहारातून ब-12 जवळजवळ मिळत नाही, आणि दूधदहीही वर्ज्य करणाऱ्यांची संख्या वाढते आहे. हातापायांना मुंग्या येत असतील, तर आधी रक्त तपासून घ्यावे. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत हा वायू टाळतात.

दुसरा मार्ग गोळीचा, तिसरा शिरेतून औषध देण्याचा. त्यात बहुधा मिडाझोलम वापरतात. यात झापड येते, पुष्कळदा त्या वेळचे काही आठवतही नाही. सोबत घरचे जाणते माणूस हवेच, आणि चोवीस तास वाहन चालवू नये, कागदपत्रांवर सही करू नये. शिरेतून गुंगी देताना नाडी व प्राणवायूचे प्रमाण सतत पाहणारी प्रशिक्षित व्यक्ती तेथे आहे का, हे विचारण्यात संकोच कसला? प्रोपोफॉल हे दुधासारखे पांढरे औषध मात्र सोयाबीनचे तेल व अंड्यातील लेसिथिन यांपासून बनते. ज्यांना ते नको, त्यांनी भूलतज्ज्ञांना आधीच सांगावे, पर्याय असतो.

शिरेतून गुंगी घ्यायची तर साधारणतः सहा तास अन्न व दूध, आणि दोन तास पाणी वर्ज्य असते. चौविहार करणाऱ्यांना अन्नाचा नियम सोपाच. सूर्योदय सव्वासहाला धरला, तर नवकारसी सात वाजून तीन मिनिटांनी येते. तेव्हा उकळलेले पाणी आठच्या आत प्यावे आणि दहाची वेळ घ्यावी. रात्रभर निर्जळ राहून तसेच खुर्चीत बसू नये. मधुमेहींनी सकाळच्या औषधाविषयी आपल्या डॉक्टरांना विचारावे. अठ्ठाई चालू असताना किंवा पारण्याच्या दिवशी गुंगी घेऊ नये. केवळ बधिरतेचे इंजेक्शन असेल, तर उलट थोडे खाऊनच जावे. उपाशीपोटी घाबरलेल्या माणसाला भोवळ लवकर येते.

औषधे लिहून घेताना दोन गोष्टी सांगाव्यात : कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिजन्य जिलेटिनचे असते, म्हणून शक्य असल्यास गोळी हवी, आणि सूर्यास्तानंतर काही घेत नाही. दिवसातून तीनदा घ्यायच्या औषधाऐवजी दोनदा घेण्याचे औषध चालेल का, हे दंतवैद्यच ठरवतील. मात्र त्यांनी नाही म्हटले, तर मात्रा मनाने कमी करू नये.