कवटीच्या चित्रातलं भोक

परवा एक गृहस्थ घाईघाईने आले आणि मोबाइल पुढे करून म्हणाले, "डॉक्टर, मुलाच्या डोळ्याखालच्या हाडाला भोक पडलंय!" मुलगा स्कूटरवरून पडला होता. मोबाइलवर कवटीचं गोल फिरणारं थ्रीडी चित्र होतं आणि डोळ्याच्या खोबणीच्या तळाशी भोक खरोखरच दिसत होतं. रिपोर्टमध्ये मात्र फ्रॅक्चर नाही, असं स्पष्ट लिहिलेलं. घरात रात्रभर कुणी झोपलं नव्हतं.

सीटी मशीन असं चित्र थेट काढत नाही. त्यातून मिळतात ते करड्या रंगाचे पातळ काप. कापातल्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. पाण्याचा ०, हवेचा उणे १०००, हाडाचा शेकड्यांत किंवा त्याहून वर. त्या आकड्यांवरून कॉम्प्युटर चित्र रचतो. १९८७ मध्ये लॉरेन्सन आणि क्लाइन यांनी यासाठी 'मार्चिंग क्यूब्स' ही पद्धत मांडली. एक आकडा ठरवायचा, त्याच्या वरचं ते हाड मानायचं आणि त्या सीमेवर बारीक त्रिकोणांचं आवरण चढवायचं. आता खोबणीच्या तळाचं हाड कागदासारखं पातळ. एकाच ठिपक्यात हाड आणि शेजारची हवा दोन्ही येतात, सरासरी आकडा घसरतो आणि हाड चित्रातून गायब!

हे मला नीट कळलं ते पन्नाशीनंतर, 'थ्रीडी स्लायसर' हे मोफत सॉफ्टवेअर शिकताना. (मुलीने भरपूर हसून घेतलं.) स्लायडर एका बाजूला सरकवला की भोक बुजतं, दुसरीकडे नेला की वाढतं. उलट, चित्र जास्त गुळगुळीत केलं तर खरी बारीक फटही लपते. सर्जनला ऑपरेशन आखताना ही चित्रं फार उपयोगी पडतात, पण त्यांच्यावरून निदान ठरवू नये. एमबीबीएसच्या मुलांना हा स्लायडर एकदा तरी स्वतः सरकवायला द्यावा, असं माझं ठाम मत आहे. "ते रेडिओलॉजिस्टचं काम," असं मित्र म्हणतात. खरंय, पण घाबरलेला बाप मोबाइल घेऊन येतो तो माझ्याकडे.

मी सीडी लावून त्यांना करडे काप दाखवले. हाडाची बारीक पांढरी रेघ अखंड होती.

"मग हे रंगीत चित्र देतात कशाला?" ते जरा चिडूनच म्हणाले. मुलाला एकाचे दोन दिसू लागले, नजर कमी झाली किंवा गाल बधिर वाटला तर लगेच दाखवा, एवढं बजावून मी त्यांना घरी पाठवलं.