शफल बंद, मालकंस चालू!

रात्रीचे साडेदहा. क्लायंटचा कॉल एकदाचा संपलाय, डोक्याचं दही झालंय आणि कानाला काहीतरी शांत हवंय. मग काय, फोन काढायचा, शास्त्रीय संगीताची ऑनलाइन लायब्ररी उघडायची आणि... पुढची वीस मिनिटं नुसतं स्क्रोल! भीमसेनजी? दोन मिनिटं, पुढे. किशोरीताई? आलापच संपेना, पुढे. सतार? नको, संतूर लावू. शेवटी झोप लागते आणि सकाळी विचाराल तर रागाचं नावही आठवत नाही.

वर्षभर माझं हेच चाललं होतं. हजारो रेकॉर्डिंग हाताशी, आणि ऐकलं काय? भोपळा!

यातून बाहेर काढलं बाबांनी. ते मिरजेला असतात. आमचा फोन म्हणजे ठरलेला : जेवलास का, पाऊस आहे का, ठेवतो. एकदा मी शायनिंग मारत म्हटलं, "बाबा, अख्खं शास्त्रीय संगीत माझ्या फोनवर आहे." ते म्हणाले, "वा! मग अब्दुल करीम खाँसाहेबांचा मालकंस ऐकलास?"

मी गप्प. खाँसाहेबांनी ज्या मिरजेत घर केलं, 1937 साली ते गेल्यावर जिथल्या मीरासाहेब दर्ग्यात त्यांचं दफन झालं, जिथे उरसात त्यांच्या स्मरणार्थ आजही गवई हजेरी लावतात, तिथे माझं बालपण गेलं. आणि मी त्यांना तीन मिनिटंसुद्धा दिली नव्हती!

हो, तीन मिनिटंच. जुन्या 78 आरपीएम रेकॉर्डच्या एका बाजूला साधारण तेवढंच मावायचं. 1902 मध्ये कलकत्त्यात गौहर जाननी रेकॉर्डिंग केलं तेव्हापासून गवयांना हीच कसरत होती. तासाभराचा राग तीन मिनिटांत, तोही मुद्दा न सोडता. आपल्या प्रेझेंटेशनवाल्यांनी शिकावं असं काम! पुढे एलपी आली, एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली आणि गाणं हातपाय पसरून बसलं.

बाबांचा फंडा यावरच आहे. गायक नाही, राग धरायचा. आधी छोटा ऐकायचा, मग मोठा. मालकंसात रे आणि प नाहीतच. ग, ध, नी कोमल. पाचच सूर, त्यामुळे नवख्याचा कानही हरवत नाही. शिवाय राग उत्तररात्रीकडे झुकणारा, म्हणजे आपल्या शिफ्टला एकदम फिट! आधी खाँसाहेबांची तीन मिनिटं. मग भीमसेनजींचा मालकंस, आरामात. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व, सवाईंचे शिष्य भीमसेन. आजोबांचा चेहरा नातवात दिसावा तशी एखादी जागा अचानक ओळखीची वाटते. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी रिक्षात होतो आणि मोठ्याने "अरे!" म्हणालो. रिक्षावाल्याने ब्रेक मारला.

थोडं प्रॅक्टिकल. ऑटोप्ले आणि शफल आधी बंद करा. मूडच्या नावाची प्लेलिस्ट नको, सर्चमध्ये रागाचं नाव टाका. इंग्रजीत स्पेलिंगचा गोंधळ असतो. करीम एका ठिकाणी आय घालून, दुसरीकडे डबल ई घालून. दोन्ही करून बघा. जुन्या ध्वनिमुद्रिकांसाठी विक्रम संपत यांनी 2011 मध्ये सुरू केलेल्या 'अर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक'सारख्या उपक्रमांनी मोठं काम केलंय. खरखर येईल. दोन मिनिटं सोसा, कान तिला बाजूला सारतो. आणि आठवड्याला एकच राग. बास.

आता शनिवारी रात्री मी इथे आणि बाबा तिथे, एकाच वेळी एकच रेकॉर्डिंग लावतो. मग फोन. परवाचा कॉल चाळीस मिनिटं चालला. आमच्या घरात हे रेकॉर्डच! बाबांना हल्ली डाव्या कानाने कमी ऐकू येतं. त्यांनी विचारलं, "त्या तानेनंतर खर्र होतं, ते अजून येतं का रे? मला ऐकू नाही आलं."

"येतं बाबा," म्हटलं.

"मग ठीक आहे. पुढच्या शनिवारी मारवा."

या वेळी 'ठेवतो' म्हणायला ते विसरले.