उत्तराचा कैवार

अद्भुतकथेचा नायक जन्मतःच शूर असला पाहिजे, हा आपल्याकडील जुना दंडक. आणि घरकोंबडा, भित्रा, नाखुषीने बाहेर पडलेला मनुष्य नायक होतो ही केवळ पाश्चात्त्यांची देणगी, हे आपल्याकडील नवे पांडित्य. बंगळूरच्या कोरमंगला भागातील मराठी वाचकांत हे पांडित्य आमच्या कानी वारंवार पडते. टॉल्किनचा ‘हॉबिट’ (१९३७) आणि १९५४-५५ मध्ये निघालेली त्याची अंगठीची महाकथा ही मंडळी प्रेमाने वाचतात, याचा आम्हांस आनंदच आहे. पण असा नायक मराठी मनाला ठाऊकच नव्हता, असे त्यांनी म्हणताच आम्हांस लेखणी उचलावी लागते.

आरोपात अर्धे सत्य आहे. रिसबुडांनी १८६८ मध्ये ‘मंजुघोषा’ लिहिली, तेव्हा आपल्या लोकांच्या चालू आयुष्यात रंजक असे काही नाही, म्हणून अद्भुताचा आश्रय करावा लागतो, असे त्यांनी प्रस्तावनेतच सांगून टाकले. सामान्य माणूस असा उंबऱ्याबाहेर ठेवला गेला आणि कथेत राजपुत्र तेवढे उरले. पण ही रिसबुडांच्या पिढीची खोड झाली. परंपरेचा दोष नव्हे.

विराटपर्व उघडून पाहावे. गायी पळवल्या गेल्याची वर्दी येते, तेव्हा उत्तर अंतःपुरात बढाया मारतो. कौरवसेना दिसताच रथातून उडी टाकून पळत सुटतो, आणि अर्जुनाने धरल्यावर सुटकेसाठी सोने देऊ करतो. आम्हां मराठी लोकांची स्मरणशक्ती नेमकी येथेच संपते. बढाईखोराला ‘उत्तर’ म्हणून हिणवले की आमचे महाभारताचे ज्ञान पुरे झाले! पुढे तोच मुलगा थरथरत शमीवर चढतो, शस्त्रे खाली उतरवतो आणि ज्या सैन्याला पाहून पळाला त्याच सैन्यात घोडे हाकतो. घरी परतल्यावर बाप विजयाचे श्रेय त्याच्या पदरी घालीत असता तो ते नाकारतो. बढाईखोराने श्रेय नाकारावे, याहून मोठे परिवर्तन कोणते?

आणखी एक गैरसमज कोरमंगल्याच्या हवेतच आहे. येथल्याच एका सदनिकेत २००७ साली दोघा तरुणांनी पुस्तके विकण्याचा धंदा मांडला आणि फ्लिपकार्ट उभी राहिली. तेव्हापासून सामान्याचा नायक होणे म्हणजे भांडवल जमणे, अशी येथील समजूत दिसते. कॅम्बेलने १९४९ मध्ये वीरकथांचे टप्पे मांडले, त्यांत आवाहनाला नकार हाही एक टप्पा आहे. हे लोक त्या नकाराला प्रवेशशुल्क समजतात. एकदा भरले की पुढे विजयच विजय! टॉल्किन तरी असे कोठे म्हणतो? फ्रोडो अग्निपर्वताच्या कड्यावर पोचतो आणि ऐनवेळी अंगठी टाकण्यास नकार देतो. कार्य सिद्धीस जाते ते गॉलमला पूर्वी दाखवलेल्या दयेमुळे. घरी परतल्यावर फ्रोडोला तेथे स्वस्थता लाभत नाही. सोमच्या रणभूमीवर १९१६ मध्ये उभ्या राहिलेल्या लेखकाने लिहिलेली ही कथा आहे. यशाचे माहितीपत्रक नव्हे.

आमचे भांडण अखेर आमच्याच कादंबरीकारांशी आहे. खांडेकरांनी १९५९ मध्ये ययातीला वाचा दिली, सावंतांनी १९६७ मध्ये कर्णाला न्याय दिला. दोघेही राजवैभवाचे, मोठ्या दुःखाचे धनी. उत्तरही राजपुत्रच, हे आम्ही जाणतो. पण त्याचे भय तुमच्याआमच्या मापाचे आहे, आणि म्हणूनच बहुधा त्याला कोणी हात लावीत नाही.

कुरुक्षेत्रावर पहिल्याच दिवशी उत्तर हत्तीवर बसून शल्यावर चालून गेला. त्याने शल्याच्या रथाचे चारही घोडे मारले, आणि शल्याच्या शक्तीने तो पडला. ज्याला कादंबरी लिहावयाची असेल त्याने शमीपाशी न थांबता त्या सकाळपासून आरंभ करावा. त्या सकाळी बृहन्नडा त्याच्या सोबत नव्हती.