वस्तूंची चाकरी

घर भरलेले असावे, ही आपल्या समाजाची फार जुनी हौस आहे. भरलेले घर म्हणजे लक्ष्मीचा निवास आणि मोकळी भिंत म्हणजे दारिद्र्याची खूण, असे समीकरण आपण मनाशी पक्के करून ठेवले आहे. हे समीकरण खोटे आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. दुकानदाराच्या हाती ठेवलेली किंमत हा वस्तूचा केवळ पहिला हप्ता होय. पुढील हप्ते ती मालकाकडून वर्षानुवर्षे वसूल करीत असते, आणि त्यांची पावती मात्र कधीच देत नाही.

आमच्या नागपुरातील कूलरच घ्या. वैशाखात पारा 45 अंशांपलीकडे जाणाऱ्या या शहरात ओल्या ताट्यांतून येणारा वारा ही चैन नव्हे, गरज आहे. पण या गरजेची चाकरी किती! होळीच्या सुमारास तो अडगळीतून ओढून काढावयाचा, टाकीचा गंज खरवडून रंग द्यावयाचा, ताट्यांतील जुने गवत टाकून नवे भरावयाचे, पंप अडला की कारागिराची मनधरणी करावयाची. मग रोजचे पाणी आले. आणि साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासणे आले. या सर्वांस दररोज अर्धाच तास धरला, तरी शंभर दिवसांच्या उन्हाळ्यात पन्नास तास होतात. कोरड्या हवेत पाण्याची वाफ होते तेव्हाच हे यंत्र गारवा देते. म्हणून मृग लागून हवा दमट झाली की त्याचे काम संपले. उरलेले आठ महिने ते गॅलरीत ठाण मांडून बसते.

तरीही कूलरवर आमचा राग नाही. तो आपला हिशेब उघड मांडतो आणि रात्रीची झोप देऊन तो फेडतो. आमचा रोख आहे तो चाकरी घेऊन मोबदला न देणाऱ्या वस्तूंवर. पाहुण्यांसाठी राखलेला आणि पाहुण्यांनाही न दिसणारा काचेचा संच, ओले टॉवेल वाळविण्यापुरती उरलेली व्यायामाची सायकल, शोभेचे कपाट. किती नावे घ्यावीत? दहा हजारांच्या कपाटाने दहा चौरस फूट अडविले आणि जागेचा भाव फुटास पाच हजार धरला, तर ते पन्नास हजारांच्या जागेत बिनभाड्याने नांदत आहे!

आणि ही चाकरी करतो कोण? खरेदीची ऐट बहुधा पुरुषाची. धूळ पुसणे, हलविणे, जपणे हे गृहिणीच्या किंवा मोलकरणीच्या वाट्याचे. तिच्या वेळेस आपण मोल देत नाही, म्हणूनच वस्तू स्वस्त वाटते.

यांत जोखीमही आली. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्यात माणसे दगावली. त्या दुःखापुढे सामानाची कथा ती काय? परंतु जे वाचले, त्यांचे पुढील दिवस चिखलात बुडालेल्या गाद्या, फ्रीज व कपाटे बाहेर काढण्यात गेले. जितके अधिक जमविले, तितके अधिक उपसावे लागले.

"तर मग सर्वांनी सेवाग्रामच्या कुटीत जाऊन राहावे काय?" असा उपहास येथे होईल. गांधीजी 1936 साली त्या गावी राहावयास गेले, ते मोजके सामान घेऊन. सर्वांस ते साधणार नाही, हे आम्ही जाणतो. पण कुटीच्या मातीच्या भिंतीही सारवाव्या लागतात. चाकरी कोणासच चुकलेली नाही; ती कशाची करावयाची, एवढेच निवडणे आपल्या हाती आहे. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी गृहस्थाने किंमत विचारू नये. ही वस्तू ठेवणार कोठे आणि पुसणार कोण, हे आधी घरात विचारावे. पुसणारीचे उत्तर नकाराचे आले, तर पैसे खिशातच राहू द्यावेत.