आद्याक्षरांत अडकलेले पणजोबा

ब्रिटिश काळातल्या फौजी कागदावर ‘डी.सी.एम.’ ही तीन अक्षरे दिसली की घरचे लोक हरखतात. डिस्टिंग्विश्ड कंडक्ट मेडल, म्हणजे शौर्यपदकच! पण डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलची आद्याक्षरेही हीच. ‘सी.बी.’चेही तसेच. जनरलच्या नावापुढे तो ‘कंपॅनियन ऑफ द बाथ’ हा किताब; साध्या शिपायाच्या शिक्षापत्रकात मात्र ‘कन्फाइन्ड टू बॅरॅक्स’, म्हणजे बराकीबाहेर पडायला मनाई. अधिकाऱ्याच्या नावापुढचे ‘व्ही.डी.’ स्वयंसेवक दलातल्या दीर्घ सेवेचा मान सांगते, आणि दवाखान्याच्या रकान्यातले ‘व्ही.डी.’ चारचौघांत वाचू नये असा रोग.

तेव्हा आधी रकाना बघावा, मग अक्षरे.

तारीखही तितकीच महत्त्वाची. 1915 च्या नोंदीतले ‘एम.ई.एफ.’ गॅलिपोलीला गेलेले भूमध्य समुद्राकडचे सैन्य असू शकते, तर दुसऱ्या महायुद्धातले ‘एम.ई.एफ.’ म्हणजे मध्यपूर्वेतल्या फौजा. ‘एस.ओ.एस.’ वाचून बुडत्या जहाजाची आठवण येते, पण सेवापत्रकात त्याचा अर्थ एवढाच की माणूस त्या तुकडीच्या पटावरून कमी झाला. बदली झाली तरी हीच अक्षरे, मेला तरी हीच. दवाखान्याच्या नोंदी तर आणखी चकवतात. ‘जी.एस.डब्ल्यू.’ म्हणजे बंदुकीची जखम, पण तोफगोळ्याच्या कपच्यांनी झालेल्या जखमाही पुष्कळदा त्यातच घातल्या जात. ‘पी.यू.ओ.’ म्हणजे कारण न कळलेला ताप. आणि 1917 च्या ‘एन.वाय.डी.एन.’चा अर्थ ‘अद्याप निदान नाही, मज्जाविकार’. ‘शेलशॉक’ हे नाव सर्रास लिहायचे नाही, असे वरिष्ठांनी ठरवल्यावर ही पळवाट निघाली. संक्षेप केवळ शाई वाचवण्यासाठी होते, हे म्हणूनच पटत नाही.

मराठी घरांना सर्वांत जास्त गोंधळात टाकते ती पलटणीची खूण. ‘3/5 एम.एल.आय.’ हा अपूर्णांक नव्हे आणि तारीखही नव्हे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची ती तिसरी बटालियन. 1922 च्या फेररचनेआधी हीच पलटण 110 वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती, आणि एप्रिल 1916 मध्ये मेसोपोटेमियातले (आजच्या इराकमधले) कुत-अल-अमारा पडले तेव्हा वेढ्यात सापडलेल्यांत तिचे जवान होते. यशवंत घाडगे यांना 1944 मध्ये इटलीत मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तेही याच तिसऱ्या बटालियनमधले. आजोबा ‘110’ आणि वडील ‘3/5’ असतील, तर घर दोन पलटणी समजते. प्रत्यक्षात पलटण एकच.

सातारा, रायगड, रत्नागिरीतल्या कितीतरी घरांत असे कागद ट्रंकेत पडून आहेत. ते वाचण्यासाठी लंडनच्या अभिलेखागाराकडे किंवा परदेशी हौशी संशोधकांकडे तोंड करून बसणे मराठी वाचकाच्या नशिबी का असावे? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आणि विद्यापीठांचे इतिहास विभाग यांनी मिळून मराठीत संक्षेपांची कुंजी छापावी. नुसती वर्णानुक्रमे यादी मात्र नको. प्रत्येक अक्षरापुढे कोणता रकाना, कोणते साल, कोणते सैन्य हे हवे. ‘व्ही.सी.ओ.’समोर तर ठळक लिहावे, की याचा व्हिक्टोरिया क्रॉसशी काही संबंध नाही. तो व्हाइसरॉयचे कमिशन मिळालेला अधिकारी, म्हणजे जमादार, सुभेदार किंवा सुभेदार-मेजर.