जिल्ह्याचा अभिमान आणि जिल्ह्याचे ग्रंथ

फिलिपीन्समधील काही वाचनप्रेमी मंडळी असा संकल्प सोडतात की, ठरावीक मुदतीत आपल्याच देशातील लेखकांची अमुक इतकी पुस्तके वाचावयाची आणि वाचून झाल्यावर त्यांविषयी चारचौघांत मोकळेपणाने बोलावयाचे. स्वदेशातील लेखक वाचण्यासाठी स्वदेशातीलच वाचकांना असा पण करावा लागावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु ज्या मुलखावर तीनशेहून अधिक वर्षे स्पेनने आणि त्यानंतर, जपानी ताब्याचा काळ वगळता, १९४६ पर्यंत अमेरिकेने अंमल गाजविला, आणि ज्याच्या शाळांतून इंग्रजी हीच शिक्षणाची भाषा होऊन बसली, त्या मुलखातील वाचकाचा हात सवयीने परकीय पुस्तकाकडेच वळला तर त्याला दोष कसा द्यावा? सवयीने जे घडत नाही ते निश्चयाने घडवून आणावे लागते, एवढाच या संकल्पाचा अर्थ.

तथापि त्या देशाने आपल्या एका लेखकाच्या बाबतीत निश्चयावरही विसंबून न राहता कायद्याचा आधार घेतला. होसे रिझाल यांची ‘नोली मे तांगेरे’ ही कादंबरी १८८७ मध्ये बर्लिन येथे छापली गेली. तिने आणि तिच्या १८९१ मधील उत्तरभागाने स्पॅनिश सत्तेचे व धर्मपीठाच्या जुलमाचे जे चित्र उभे केले त्याचा राग सरकारच्या मनातून कधी गेला नाही, आणि ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिला येथे रिझाल यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. पुढे स्वतंत्र फिलिपीन्सने १९५६ मध्ये, चर्चचा कडवा विरोध पत्करून, रिझाल यांचे जीवन व ग्रंथ प्रत्येक शाळा-महाविद्यालयात शिकविले जावेत असा कायदा केला. कायद्याने वाचनाची गोडी लागते की नाही हा प्रश्न वेगळा. परंतु त्यामुळे एक ग्रंथ विस्मृतीच्या खाईत पडण्यापासून कायमचा वाचला, हे नाकारता येणार नाही.

आता याच काळातील आपल्या बुलढाण्याच्या एका ग्रंथाचे काय झाले ते पाहावे. बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क असलेले बापूजी हरी शिंदे हे सत्यशोधक विचारांचे गृहस्थ होते, आणि मुलींना अक्षरओळख करून देणे हेही जेथे धाडस समजले जाई त्या काळात त्यांनी आपल्या कन्येस मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले. सुरत येथील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेस भ्रूणहत्येच्या आरोपावरून १८८१ मध्ये प्रथम फाशीची शिक्षा झाली, आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या नीतिमत्तेवर तोंडसुख घेण्यास आरंभ झाला, तेव्हा या कन्येने, म्हणजे ताराबाई शिंदे यांनी, १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध पुण्यात छापवून घेतला. स्त्रियांच्या अंगी जे जे दुर्गुण असल्याचे सांगण्यात येते ते ते पुरुषांच्या अंगी आहेत की नाहीत, याची त्यांनी मुद्द्यामागून मुद्दा घेत अशी काही उलटतपासणी केली आहे की, प्रतिपक्षाच्या वकिलास जागेवरून उठणे कठीण व्हावे. भाषा घरगुती, धारदार, म्हणींनी व टोमण्यांनी खच्चून भरलेली. आणि तिच्यामागे शास्त्रे-पुराणे वाचून त्यांच्याशी भांडण मांडणारी स्वतंत्र बुद्धी.

या पुस्तकाच्या प्रती निघाल्या पाचशे. महात्मा फुले यांनी ‘सत्सार’ या आपल्या प्रकाशनातून लेखिकेची पाठराखण केली; एरवी समाजाने तिची संभावना टीकेने केली आणि मग, टीकेहूनही परिणामकारक असा जो उपाय, तो म्हणजे विस्मरण, त्याची योजना केली. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये हा निबंध पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत तब्बल त्र्याण्णव वर्षे तो जणू अस्तित्वातच नव्हता, आणि ताराबाईंनी दुसरे पुस्तक लिहिल्याचा दाखला आढळत नाही. रिझाल यांच्या कादंबरीच्या पाच वर्षे आधी छापला गेलेला हा ग्रंथ आज जगभरच्या विद्यापीठांतून अभ्यासिला जातो. पण तो ज्या गावच्या लेखणीतून उतरला त्या गावातील किती घरांत त्याची प्रत सापडेल, याची मोजदाद करण्याचे धैर्य मला होत नाही.

ताराबाई हा एकच अपवाद असता तर गोष्ट निराळी. ज्यांच्या ‘सुदाम्याचे पोहे’ने मराठी विनोदास प्रौढ व स्वतंत्र रूप दिले, त्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे बालपण बुलढाण्यात गेले आणि पुढे त्यांनी खामगाव व जळगाव-जामोद येथे वकिली केली. त्यांच्या विनोदी लेखांतील बंडूनाना आणि पांडुतात्या महाराष्ट्रभर संचार करून आले, परंतु त्यांचे जनक आपल्या शेजारी राहून गेले आहेत हे जळगाव-जामोदच्या किती तरुणांस ठाऊक आहे? दुसरे एक वकील, मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे, यांची ‘शीळ’ जी. एन. जोशी यांच्या कंठातून ध्वनिमुद्रिकेवर आली आणि मराठी भावगीताच्या पहाटेस घरोघर पोहोचली. ‘खूणगाठी’ या त्यांच्या संग्रहास १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. पुणे-मुंबईच्या साहित्यवर्तुळापासून दूर, एका तालुक्याच्या गावी दिवाणी-फौजदारीची प्रकरणे चालवीत असता त्यांनी ही कविता लिहिली, ही गोष्ट जिल्ह्याच्या ठिकाणी राहून लिहू पाहणाऱ्या प्रत्येक तरुणाने मनाशी बाळगण्यासारखी आहे.

अगदी आपल्या डोळ्यांदेखतचा काळ घेतला तरी यादी आटत नाही. चिखली तालुक्यातील अमडापूरचे सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला; शिकून-सवरूनही नोकरीस मुकलेल्या आणि शेतीतही ज्याचा जम बसत नाही अशा एकनाथाच्या घराची जी पडझड तीत सावकाश घडत जाते, ती वाचल्यावर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरील सरकारी अहवाल निर्जीव वाटू लागतात. खामगावच्या पुरुषोत्तम बोरकरांनी ‘मेड इन इंडिया’मध्ये संपूर्ण कादंबरीचा भार वऱ्हाडी बोलीच्या खांद्यावर दिला, आणि ती बोली हसवता हसवता किती खोल वार करू शकते हे सिद्ध केले. रमेश इंगळे उत्रादकरांच्या ‘निशाणी डावा अंगठा’मध्ये तर प्रौढ साक्षरता अभियान गावोगाव कसे कागदावर यशस्वी होत जाते याचा असा लेखाजोखा आहे की, वाचनविषयक कोणतीही मोहीम काढणाऱ्याने ती कादंबरी आधी वाचावी आणि मगच मोहिमेच्या जाहीरनाम्यावर सही करावी.

आपल्या जिल्ह्याचे हे लेखक आपण नेमाने वाचावेत असे मी सुचवितो, आणि या सूचनेवर एक आक्षेप येणारच. साहित्यास तालुका-जिल्ह्याच्या हद्दी कशाला? लेखक चांगला की वाईट एवढेच पाहावे. तो आपल्या गावचा म्हणून त्यास डोक्यावर घेणे हा संकुचितपणा नव्हे काय? आक्षेपातील तत्त्व मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी कौतुक करा असे म्हणत नाही, वाचा असे म्हणतो. ज्याचे पुस्तक आपण वाचलेच नाही त्याचे कौतुक हाच खरा प्रादेशिक अहंकार. वाचून झाल्यावर ते आवडले नाही असे सांगण्याचा वाचकाचा हक्क अबाधित आहे, किंबहुना तो बजावला जाईल तेव्हाच लेखकाचा खरा सन्मान होईल. शिवाय स्वतःच्या मुलखाचे साहित्य वाचणाऱ्यास एक लाभ असा होतो की, तेथील शेताचा बांध, बाजाराचा दिवस, लग्नातील रुसवा आणि कचेरीतील हेलपाटे ही त्याची स्वतःची माहिती असल्यामुळे, लेखकाने कोठे खरे लिहिले आणि कोठे बेगडी रंग फासला हे तो कोणत्याही समीक्षकाआधी ओळखतो. असा पारखलेला वाचक मग रिझाल वाचो की टॉल्स्टॉय, तो फसणार नाही.

संकल्पपूर्वक वाचन ही आपल्या जिल्ह्यास नवी गोष्टही नव्हे. शेगावास जाऊन पाहावे. दासगणू महाराजांच्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथाचे एकवीस अध्याय कोणी एका बैठकीत वाचतो, कोणी तीन दिवसांत, कोणी सात दिवसांत. पहाटे स्नान करून आसनावर बसलेली, शाळेची पायरी जेमतेम चढलेली एखादी म्हातारी ओवीखाली बोट फिरवीत, ओठांतल्या ओठांत पुटपुटत, मध्ये कोणाशी न बोलता अध्यायामागून अध्याय संपविते, तेव्हा एकाग्र वाचनाविषयीचे आपले सगळे उपदेश तिच्यापुढे फिके पडतात. ज्या समाजात मुदत ठरवून, नेम पाळून, ग्रंथ अथपासून इतिपर्यंत वाचण्याची शिस्त इतकी खोल मुरलेली आहे, त्या समाजास वाचनाची सवय नाही असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. उणीव आहे ती एवढीच की, ही शिस्त पोथीपुरती राखून ठेवलेली आहे.

सरकारनेही आपल्या परीने प्रयत्न केले आहेत. १५ ऑक्टोबर हा डॉ. कलाम यांचा जन्मदिन ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो, आणि २०२५ च्या जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ हा उपक्रम राज्यभर राबविण्यात आला. हेतूविषयी शंका नाही. परंतु जे वाचन परिपत्रकाने सुरू होते ते बहुधा अहवालाने संपते, आणि अहवालास वाचकाच्या मनात काय उमटले याच्याशी कर्तव्य नसून छायाचित्रात किती डोकी दिसतात याच्याशी असते. उत्रादकरांनी साक्षरतेच्या बाबतीत जे दाखवून दिले ते वाचनाच्या बाबतीत घडू द्यावयाचे नसेल, तर हा संकल्प सरकारी फर्मानातून न निघता वाचकांतून निघाला पाहिजे. त्यास ना नोंदवही हवी, ना प्रमाणपत्र.

माझी सूचना साधी आहे. १२ जानेवारीस जिजाऊ जन्मोत्सवासाठी सिंदखेडराजा येथे लक्षावधी माणसे जमतात आणि तेथील पुस्तकांच्या दुकानांभोवती जी गर्दी उसळते ती पाहून कोणत्याही प्रकाशकाने हेवा करावा. त्या दिवसापासून पुढील १२ जानेवारीपर्यंतची मुदत धरावी आणि तीत वर उल्लेखिलेल्या, ताराबाईंपासून उत्रादकरांपर्यंतच्या, जिल्ह्यातील सहा लेखकांचे प्रत्येकी एक, अशी सहा पुस्तके वाचावीत. दोन महिन्यांस एक, हे प्रमाण शेतीच्या हंगामातही जड जाऊ नये. बोरकरांची कादंबरी तर एकाने मोठ्याने वाचावी आणि दहांनी ऐकावी, कारण वऱ्हाडीचा ठसका डोळ्यांपेक्षा कानांस अधिक कळतो; बचत गटाच्या बैठकीत हिशेब आटोपल्यावर ताराबाईंची चार पाने वाचली गेली तर चर्चेस विषय शोधावा लागणार नाही.

अडचण येईल ती प्रती मिळण्याची. १९६७ च्या कायद्यानुसार मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची सार्वजनिक ग्रंथालये जिल्ह्यात आहेत आणि त्यांना शासनाचे अनुदान मिळते. ते तुटपुंजे असल्याची त्यांची तक्रार रास्तच आहे. परंतु त्या तुटपुंज्या रकमेतूनही ग्रंथखरेदी होतेच, आणि ती करताना या लेखकांच्या दोन-दोन प्रती घेऊन त्या कुलूपबंद कपाटात न ठेवता देवघेवीच्या टेबलावर ठेवणे हे कोणत्याही कार्यकारी मंडळाच्या अधिकारातले काम आहे. जी पुस्तके बाजारात दुर्मीळ झाली असतील त्यांची मागणी पाच-पंचवीस ग्रंथालयांनी एकत्र नोंदविली तर प्रकाशकही पुनर्मुद्रणाचा विचार करील. मागणीच नाही, हे त्याचे उत्तर तेव्हा त्याला देता येणार नाही.

उरला प्रश्न सत्कारांचा, ज्यांत आपला जिल्हा कोणालाही हार जाणार नाही. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह यांस माझी हरकत नाही; फक्त यापुढे व्यासपीठावरून लेखकाचा गौरव करणाऱ्या प्रत्येक वक्त्याने त्याच्या एका तरी पुस्तकाविषयी, पुस्तकातील माणसांची नावे घेऊन, पाच मिनिटे बोलावे एवढी अट असावी. ज्यास ते जमणार नसेल त्याने हार अवश्य घालावा, आणि भाषण मात्र पुस्तक वाचून होईपर्यंत तहकूब ठेवावे.